निषादावर सोडलेली हाक

“पुन्हा!”

अण्णांचा आवाज अंधारातून आला आणि सगळं थांबलं. रंगमंचावर गाणारी इलोना तोंड उघडं ठेवून उभी राहिली, चेलो वाजवणाऱ्या दोघांचे गज हवेत राहिले आणि कंडक्टर फोल्कर हातातली काठी तशीच उंच धरून मागे वळला. तालीम चालू असताना फोल्करनं प्रेक्षागृहाकडे तोंड केलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

त्या जर्मन नाट्यगृहात रंगीत तालमीचा एकच नियम होता. एकदा सुरू झाली की छत कोसळलं तरी थांबवायची नाही. ऑपेरा मी रचलेला, पण त्या दिवशी तोंड उघडायची परवानगी मलाही नव्हती. अण्णा मात्र तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी, स्वेटरवर कोट आणि कोटावर शाल अशा थाटात बसले होते आणि त्यांचा उजवा हात अजून पुढे पसरलेला होता. मिरजेच्या घरी शिष्यासमोर पसरायचे तसाच.

“काय झालं?” फोल्करनं जर्मनमध्ये विचारलं. “कुणाला बरं वाटत नाहीये का?”

“काही नाही, माझे वडील आहेत,” मी म्हटलं. “माफ करा. पुढे चला.”

“काय म्हणाले ते?”

“पुन्हा, म्हणाले.”

वादकांतलं कुणीतरी खुदकन हसलं. फोल्कर हसला नाही. त्यानं समोरच्या स्टँडवर काठीनं टकटक केलं, पुढच्या प्रवेशाचा आकडा सांगितला आणि गाडी पुढे हाकली. अर्धवट राहिलेला भाग तसाच मागे पडला.

“अण्णा, इथं असं मध्ये बोलायचं नसतं हो,” मी कुजबुजले.

“मग कधी बोलायचं?”

“संपल्यावर.”

“संपल्यावर काय उपयोग?” असं म्हणून त्यांनी हात शालीत ओढून घेतला.

माझे डोळे भरून आले होते. त्या एका शब्दासाठी मी सोळाव्या वर्षापासून ताटकळत होते.

ते कळायचं तर आमचं मिरजेचं घर माहीत हवं. माझे वडील केशवराव नरगुंदे गाणं शिकवायचे. मैफली फारशा केल्या नाहीत, नाव फारसं झालं नाही, पण गावोगावची मुलं त्यांच्याकडे यायची. त्यांच्याकडे शेरे दोनच होते, ‘छान’ आणि ‘पुन्हा’. नवा मुलगा गायचा आणि अण्णा मान डोलावून “छान” म्हणायचे. मुलगा तरंगत घरी जायचा, कधीकधी आई-वडील पेढे घेऊन यायचे. आम्ही घरातली माणसं ते पेढे खायचो आणि एकमेकांकडे बघायचो. अण्णांचं ‘छान’ म्हणजे हातात नारळ. ज्याच्यात काही नाही त्याला उगाच कशाला दुखवा, असा त्यामागे हिशेब. ज्याच्यात काही दिसायचं त्याला ते “पुन्हा” म्हणायचे. मग पुन्हा, मग परत पुन्हा, इतकं की पोरगं रडकुंडीला यायचं. आम्हाला त्या पोराचा हेवा वाटायचा.

त्यांचा स्वतःचा रियाज सकाळभर चाले. खोलीचं दार बंद असे आणि ते उघडायची कुणाची हिंमत नव्हती, आईचीही नाही. जेवायची वेळ झाली की ती परसात उभी राहून हाक मारायची. आतून “आलो” असं उत्तर यायचं आणि अण्णा त्यानंतर अर्ध्या तासानं उगवायचे. तोवर भाकरी गार. आई ती पुन्हा तव्यावर टाकायची.

सोळाव्या वर्षी गुरुपौर्णिमेला सगळ्यांसमोर मी यमन गायले. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही, तेव्हाच मी काय ते समजले. संपल्यावर मायेनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “छान.”

मी परसात धुण्याच्या दगडावर बसून संध्याकाळपर्यंत रडले. मग गाणं सोडलं. चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका बाईंकडे व्हायोलिन शिकायला जाऊ लागले, तिथून मुंबई, मुंबईहून जर्मनी. पुढे व्हायोलिनही मागे पडलं आणि मी संगीत लिहू लागले. दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी. स्वतःच्या गळ्यातून मी त्या यमननंतर सूर काढला नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही.

आई गेली तेव्हा मी परदेशातच होते. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर अण्णांशी फोनवर बोलणं व्हायचं, पण हवापाण्याचं. माझ्या कामाचा विषय निघाला की ते म्हणत, “आता कागदावर लिहूनच ठेवलंय म्हटल्यावर गाणाऱ्यानं करायचं काय?” मी चिडून फोन ठेवत असे. त्या वर्षी माझा पहिला मोठा ऑपेरा उभा राहणार होता. धाकट्या भावानं अण्णांना जवळजवळ उचलून विमानात घातलं आणि ऐन हिवाळ्यात ते माझ्या दोन खोल्यांच्या घरी येऊन थडकले.

ऑपेरा होता धरणाखाली जाणाऱ्या एका गावाचा. गाव उठून गेलेलं असतं. एकटी म्हातारी मागे राहते. पाणी चढत असतं आणि ती रोजच्यासारखी जेवायच्या वेळी दारात येऊन गेलेल्यांना हाक मारते. शब्द नाहीत, नुसता ‘आ’कार. खाली दोन चेलो एकच सूर धरून बसतात, तंबोऱ्यासारखे. हाक पंचमावरून निघते, सरकत वर जाते, वरच्या निषादावर थांबते आणि तिथंच सुटते. निषाद म्हणजे षड्जाच्या उंबऱ्यावरचा सूर, पुढचं पाऊल पडल्याशिवाय कानाला चैन पडत नाही. मी ते पाऊल टाकलं नव्हतं. आज तो भाग अनेक ठिकाणी सुटा गातात आणि शेवट असा अर्धवट का, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. मी काहीतरी तांत्रिक उत्तर देते.

त्या एका हाकेवर मी सबंध थंडी घालवली होती. कागदांचे बोळे करून फेकले होते. शेवटी एका सकाळी ती अशी आली की जणू कुणी आणून हातात ठेवली. माझ्या आयुष्यात मला सुचलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच, याची मला खात्री होती. आणि नेमकी तीच ऐकून अण्णा ओरडले होते, “पुन्हा!”

तालीम संपल्यावर फोल्करनं मला त्याच्या खोलीत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. माझ्यासारख्या अनोळखी बाईचा ऑपेरा त्यानं भांडून तिथं आणला होता. कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवून तो म्हणाला, “बारा मिनिटं जास्त होतायत. वादकांच्या कामाचे तास ठरलेले आहेत. काहीतरी काढावं लागेल.”

“काय?”

“हाक.”

“ती नाही,” मी म्हटलं. “दुसरं काहीही काढ.”

“दुसरं म्हणजे उठून गेलेल्या गावकऱ्यांचं नव्या जागेवरचं भांडण. त्यात तीस माणसं आहेत, तीन महिने घोकतायत. त्यांना आता सांगू का, घरी बसा म्हणून?”

मी कॉफीचा कप परत त्याच्याकडे सरकवला.

“हाक सुंदर आहे,” तो म्हणाला. “पण तिथं सगळं थांबतं. लोक चुळबुळ करणार. तुझ्या वडिलांनासुद्धा राहवलं नाही, बघ.”

“ते तक्रार करत नव्हते फोल्कर. पुन्हा म्हणजे त्यांना ती परत ऐकायची होती.”

“परत?” त्यानं डोक्याला हात लावला. “मला ती एकदा बसवायची पंचाईत झालीय!”

मी भांडले, रडवेली झाले, शेवटी हो म्हटलं. पहिलाच ऑपेरा होता, तीस माणसांचा प्रश्न होता, आणि रंगमंचावर यायच्या आधीच तो बंद पडलेला मला परवडणारा नव्हता. अण्णांना काही सांगितलं नाही. सांगायला तोंडच वर होईना. चोवीस वर्षांनी मिळालेला ‘पुन्हा’ आणि पुन्हा द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी पहिला प्रयोग झाला. अण्णांनी धुवट धोतर नेसलं होतं, आत दोन लोकरी पायजमे. दरवाज्याशीच मला म्हणाले, “आज नाही हं ओरडणार. कळलंय मला.”

आणि ते खरंच गप्प बसले. दुसरा अंक सुरू झाला. गाव रिकामं झालं, दिवे मंदावले, इलोना दारात येऊन उभी राहिली. मला शेजारी हालचाल जाणवली. अण्णांचा उजवा हात शालीतून बाहेर आला आणि गुडघ्यावर उताणा होऊन थांबला. ते थोडे पुढे झुकले होते. डोळे मिटलेले.

चेलो लागलेच नाहीत. गावकऱ्यांचा घोळका धाडधाड पाय आपटत आत शिरला आणि भांडणाला तोंड फुटलं. अण्णांनी डोळे उघडले. आधी रंगमंचाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कबूल केल्याप्रमाणे ते एक अक्षर बोलले नाहीत. मी समोर बघत राहिले. बऱ्याच वेळानं तो हात शालीत परत गेला.

टाळ्या भरपूर झाल्या. मला रंगमंचावर बोलावलं, फुलं दिली, मी वाकून वाकून नमस्कार केले. खाली आले तर घामानं निथळणारा फोल्कर अण्णांचा हात हातात घेऊन उभा होता. अण्णांनी हात सोडवून घेतला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “छान.”

“म्हणजे काय?” फोल्करनं मला विचारलं.

“सुंदर झालं, म्हणतायत.”

त्याचा चेहरा खुलला. “छान!” तो मोठ्यानं म्हणाला. इलोनाला ते आवडलं, तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलं. थोड्या वेळात तीस गावकरी आणि निम्मे वादक बिअरचे ग्लास हातात घेऊन एकमेकांना छान, छान म्हणत होते आणि मला प्रत्येकाच्या हातात नारळ दिसत होता.

घरी जाताना ट्राममध्ये अण्णा खिडकीबाहेर बघत होते. उतरायच्या आधी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “छान केलंस गं.”

सोळाव्या वर्षी निदान रडायला परस तरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. अण्णा येऊन माझ्या मागे टेबलाशी बसले. बाहेर बर्फ पडत होतं. त्याचं त्यांना पहिल्या दिवशी कौतुक होतं, आता ते तिकडे बघतही नव्हते.

“ते कुठं गेलं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“ते त्या म्हातारीचं. परवा होतं ते.”

“काढलं,” मी पाठमोरीच म्हणाले.

“कुणी?”

“मीच. वेळेत बसत नव्हतं.”

मागं बराच वेळ नुसता डबा उघडल्या-लावल्याचा आवाज येत राहिला. भावानं त्यांच्याबरोबर चिवडा दिला होता, त्याचा डबा.

“मला वाटलं, मी ओरडलो म्हणून काढलंत.”

“नाही हो अण्णा.”

“काल सगळा वेळ त्याचीच वाट बघत बसलो होतो. बाकी काय चाललंय याकडं लक्षच नव्हतं, खरं सांगायचं तर. म्हणून मग छान म्हटलं.”

मी आल्याचा तुकडा ठेचत होते. हात थांबला. विचारू नये असं वाटत असतानाच विचारलं, “अण्णा, परवा तुम्ही पुन्हा म्हणालात. म्हणजे तुम्हाला ते... जमलंय असं वाटलं?”

“तू ते आणलंस कुठून?”

“आणलं म्हणजे? सुचलं मला.”

“सुचलं!” ते हसले. फार दिवसांनी त्यांना असं हसताना ऐकत होते. “अगं वेडे, तुझ्या आईची हाक की ती.”

मी ठेचलेलं आलं आधणात टाकलं.

“लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी परसातून ओरडली, ‘येताय नाऽऽ’. मी तंबोरा लावून बसलेलो. इतकी बेसूर, की माझा लागलेला सा विस्कटला. बाहेर येऊन तिला म्हटलं, जेवायला बोलवायचं तर सुरात बोलव, नाहीतर बोलवू नकोस. वय होतं, माज होता. दुसऱ्या दिवशी हाक आली ती पंचमातून उठली, निषादावर जरा रेंगाळली आणि बरोबर माझ्या ‘सा’वर येऊन बसली. कुणी शिकवलं नव्हतं तिला. दारामागं उभी राहून माझा सा ऐकायची आणि मग परसात जायची. शेवटपर्यंत तसंच.”

पातेल्यातल्या पाण्याला बुडबुडे येत होते. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. अठरा वर्षं रोज ऐकलेली हाक, आणि मी ती एका थंडीत मर मर मरून शोधून काढली होती आणि स्वतःची म्हणून मिरवली होती. खोटं कशाला सांगू, मला आधी वाईटच वाटलं. इतक्या वर्षांनी मिळालेला शब्दसुद्धा माझा नव्हता, आईचा होता. गेलेल्या आईचा मला त्या क्षणी हेवा वाटला. आणि मग ती परसात उभी दिसली, पदराला हात पुसणारी, आणि तिची इतकी आठवण आली की मी ओट्याची कड घट्ट धरली.

“पण ‘सा’वर का नाही आणलीस?” अण्णा विचारत होते. “वर नेलीस आणि निषादावरच टाकून दिलीस.”

“ओ द्यायला तिथं कुणी नाही अण्णा. सगळं गाव गेलंय.”

“हं.”

डब्याचं झाकण वाजलं. मग म्हणाले, “घरीही तसंच आहे. साडेबारा झाले की कान तिकडं लागतात. तंबोरा बाजूला ठेवून बसतो. काही येत नाही.” परत डब्याचं झाकण वाजलं. “नुसतं आलो आलो म्हणायचो गं. एकदाही वेळेवर गेलो नाही.”

मी चहाची पूड टाकली, साखर टाकली, दूध ओतलं. काहीतरी करत राहणं भाग होतं.

“म्हण,” ते म्हणाले.

“काय?”

“ते.”

“मी? मला गाता येत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“गा कोण म्हणतंय? हाक मार की.”

मी वळले नाही. वळले असते तर तोंडातून शब्द फुटला नसता. समोरच्या भिंतीवरच्या पांढऱ्या फरशीकडे बघत मी पंचम घेतला. आवाज घोगरा, गंजलेला, माझा मलाच ओळखू येईना. तिथून वर सरकले. ही चढण मी इलोनाच्या तयार गळ्यासाठी लिहिली होती, तिला त्यात काही वाटत नसे. मला अर्ध्यावरच धाप लागली. कसाबसा निषाद गाठला, तो थरथरत होता, आणि तिथं माझा दम संपला.

आमच्याकडे गवयाचा दम संपला की मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य तो सूर उचलतो, खाली पडू देत नाही. अण्णांच्या मागे असे कितीतरी जण बसलेले मी पाहिले होते. अण्णा स्वतः कुणाच्या मागे बसलेले मला आठवत नाहीत. त्या सकाळी मात्र ते माझ्या मागे होते, आणि माझा सूर पडता पडता मागून त्यांचा म्हातारा, कापरा आवाज आला. निषाद त्यांनी अलगद घेतला, क्षणभर तिथं थांबले आणि वर, बरोबर षड्जावर, येऊन बसले.

“आलोऽऽ.”

सूर विरेपर्यंत मी हलले नाही. खुर्ची वाजल्याचं ऐकू आलं, नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“पुन्हा,” अण्णा म्हणाले.

चहा उतू जाऊन शेगडीभर झाला होता. मी गॅस बंद केला आणि पुन्हा हाक मारली.